मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत

इलेक्ट्रिक गाडी बुक केलेल्या घरी चार्जर बसवायला गेलो, की घरमालक मला थेट पार्किंगमध्ये घेऊन जातात. "या खांबावर डबा, आणि वायर अशी वरून आणायची," असं हाताने दाखवतात. मी ऐकून घेतो आणि मीटर रूमची किल्ली मागतो. ती रूम इमारतीच्या कुठल्या बाजूला आहे हे बऱ्याच जणांना सांगता येत नाही. किल्ली वॉचमनकडे असते नाही तर सेक्रेटरींच्या कपाटात. दार उघडलं की आत मोडकी सायकल, रंगाचे अर्धे डबे, गेल्या वर्षीच्या मखराचा थर्माकोल, सगळं मीटरना टेकवून ठेवलेलं. ते बाहेर काढून झाडून घेतल्यावरच माझं काम सुरू होतं.

पुण्यात मी वायरिंगची कामं करत आलो आहे. आयटीआय झालं, वायरमनचा परवाना मिळाला, पुढे ठेकेदाराचा. जुन्या पेठांतल्या वाड्यांचं वायरिंग केलं, सोसायट्यांचे पंप आणि लिफ्टचे पॅनल केले, भोसरीच्या कारखान्यांत मोटारींची कामं केली. २०२० च्या जानेवारीत नेक्सॉन आणि झेडएस या दोन इलेक्ट्रिक गाड्या बाजारात आल्या आणि त्यानंतर हळूहळू या कामाचे फोन यायला लागले. सुरुवातीला मलाही हे एका जास्तीच्या पॉवर पॉइंटचं काम वाटत होतं. पण घरोघरी आणि इमारती-इमारतींत फिरल्यावर लक्षात आलं, की इतक्या वर्षांत इमारतींच्या विजेत जे जे झाकून राहिलं होतं, ते या गाड्या बाहेर काढत आहेत.

कारण वेळेचं आहे. घरातला गिझर दोन-तीन किलोवॅटचा असतो. म्हणजे भार म्हणाल तर गाडीच्या साध्या चार्जरइतकाच. पण गिझर पंधरा-वीस मिनिटं चालतो, थर्मोस्टॅट त्याला बंद करतो, आणि मधल्या काळात वायर, स्विच, जोड सगळं थंड होतं. इस्त्री मध्येच तुटते-लागते, एसीचा कॉम्प्रेसर थांबत थांबत चालतो. गाडी तसं करत नाही. तीस युनिटची बॅटरी पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर लावली, की नऊ-दहा तास ती तेवढाच करंट सतत ओढत राहते. घरात अशी दुसरी वस्तू नाही.

ढिल्या जोडाला ही गोष्ट सोसत नाही. समजा, सॉकेटच्या मागे स्क्रू नीट आवळलेला नाही आणि तिथे ओहमचा दहावा भाग एवढाच अडथळा आहे. पंधरा अँपिअरला त्या एका ठिपक्यावर बावीस वॅटच्या आसपास उष्णता होते, म्हणजे सोल्डरिंगची छोटी इस्त्री भिंतीत गाडून रात्रभर चालू ठेवल्यासारखं. करंट दुप्पट केला की उष्णता चौपट, त्यामुळे तोच जोड मोठ्या चार्जरला नव्वद वॅट खातो. एमसीबीला यातलं काही कळत नाही. करंट तर मर्यादेतच आहे, मग तो पडेल कशाला?

अशी तपकिरी झालेली सॉकेट्स मी पुष्कळ काढली आहेत. एका घरी काकूंनी सांगितलं, "पार्किंगमध्ये सकाळी जळका वास येतो, पण गाडी तर पूर्ण भरते." प्लग ओढायला गेलो तर तो सॉकेटमध्ये चिकटलेला. मागची वायर तांब्याचीच होती, जाडीही बरोबर होती. पण कुणीतरी तिचे निम्मे धागे कापून उरलेले टर्मिनलमध्ये कोंबले होते, कारण सगळे बसत नव्हते. गिझरला ते कित्येक वर्षं चाललं असतं. म्हणून आता गाडीसाठी मी घरातला जुना पॉइंट वापरत नाही. मीटरपासून स्वतंत्र वायर, मध्ये एकही पिळलेला जोड नाही, प्रत्येक टोकाला क्रिंप केलेली लग, आणि सॉकेटच लागणार असेल तर निळं इंडस्ट्रियल. थोडे पैसे जास्त पडतात. तिथे मी घासाघीस होऊ देत नाही.

किती मोठा चार्जर घ्यावा, हा पुढचा प्रश्न असतो. शोरूममध्ये सात किलोवॅटचं आकर्षण दाखवलेलं असतं. मी विचारतो, रोज किती चालवता? कोथरूडहून हिंजवडीला जाऊन येणारा माणूस चाळीसेक किलोमीटर सांगतो. त्याला सहा-सात युनिट पुरतात आणि ३.३ किलोवॅटवर ती दोन-सव्वादोन तासांत भरतात. रात्र तर आठ तासांची असते. ७.४ किलोवॅट म्हणजे ३२ अँपिअर, आणि सिंगल फेजच्या जोडणीला साधारण ४० अँपिअरपर्यंतच मागणी देता येते. एकटी गाडी ३२ घेऊन बसली तर वरच्या घरात गिझर आणि एसी कुठे जाणार? मग भार वाढवून मागा, थ्री फेज घ्या, टेस्ट रिपोर्ट द्या, हे सगळं आलं. ज्यांचा फिरतीचा धंदा आहे, घरात दोन गाड्या आहेत, त्यांना मोठा चार्जर खरोखर लागतो. बाकीच्यांना मी लहानच सुचवतो. आणि हायब्रिडवाल्यांचेही फोन येतात. जी हायब्रिड गाडी पेट्रोलवर चालताना स्वतःच बॅटरी भरते, तिला घरी काहीच बसवायचं नसतं. प्लग असलेली असेल तरच माझी गरज. एवढं सांगून मी फोन ठेवतो.

अंतर हाही मुद्दा आहे. मीटर रूम एका टोकाला आणि गाडी दुसऱ्या टोकाला, असं फार ठिकाणी असतं. ६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरने ३२ अँपिअर पंचेचाळीस मीटर नेले तर जवळपास नऊ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. १० स्क्वेअर एमएम घेतली तर पाचावर येतात. उन्हाळ्यात संध्याकाळी आधीच दाब पडलेला असताना हा फरक कळतो. गाडी चार्ज घेणं कमी करते आणि लोक गाडीला नावं ठेवतात.

पण माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला असेल तर अर्थिंगने.

घरात अर्थिंग आहे का, असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. तीन भोकांचं सॉकेट दिसतं ना, मग असेलच. कर्वेनगर भागातल्या एका जुन्या इमारतीत नवी गाडी चार्ज व्हायला तयार नव्हती. गाडीबरोबर आलेल्या केबलवरचा लाल दिवा लागायचा. शोरूमवाले म्हणायचे घरात दोष आहे, घरचा नेहमीचा वायरमन म्हणायचा गाडीत दोष आहे. गाडी घेणारे गृहस्थ निवृत्तीचे पैसे घालून बसलेले, त्यामुळे बिचारे रडकुंडीला आले होते. डिजिटल मीटर लावला तर फेज ते अर्थ २३० व्होल्ट दाखवत होता. इथेच पुष्कळ जण फसतात. त्या मीटरला जवळजवळ करंट लागतच नाही, त्यामुळे अर्थ नुसता नावाला टेकलेला असला तरी तो आकडा पूर्ण दाखवतो. मी अर्थ लूप टेस्टर लावला, तेव्हा खरं काय ते समजलं. खाली मीटर रूममध्ये अर्थची पट्टी गंजून कधीच तुटली होती. जमिनीत जाणारं तिचं टोक हाताने ओढलं तर निघून आलं.

त्यापेक्षाही भयंकर प्रकार मी इतर ठिकाणी पाहिला आहे. अर्थ मिळत नाही म्हणून सॉकेटमध्येच अर्थचं टर्मिनल न्यूट्रलला जोडून टाकायचं. टेस्टरने बघितलं तर सगळं ठीक दिसतं. गाडीसुद्धा फसते आणि चार्ज होते. पण ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल सुटेल, त्या दिवशी त्या अर्थच्या वाटेने गाडीच्या पत्र्यावर पूर्ण दाब येईल. गाडी रबराच्या चाकांवर उभी असते. तिला हात लावणारा माणूस ओल्या फरशीवर अनवाणी उभा असतो. असं वायरिंग सापडलं की मी ते तिथल्या तिथे सोडवतो. मालक नको म्हणाले तरी सोडवतो, आणि पटलं नाही तर काम घेत नाही.

पुण्याच्या जमिनीत चांगलं अर्थिंग मिळवणं कष्टाचं आहे. हा सगळा दख्खनचा काळा दगड. वरची हातभर माती आणि मुरूम संपला की पहार उडायला लागते. अडीच-तीन मीटरचा जीआय पाइप उभा पुरायचा तर ब्रेकर लावावा लागतो. त्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं, झाकण. दगड फारच आडवा आला तर थोड्या अंतरावर दुसरा खड्डा घेऊन दोन्ही पट्टीने जोडायचे. हल्ली तयार पावडरचं केमिकल अर्थिंग मिळतं, तेही चांगलं काम करतं. पण कुठल्याही पद्धतीत मे महिन्यात मुरूम सुकला की आकडा चढतो. पावसाळ्यात मोजलेला आकडा दाखवून बिल काढणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आणि इतकं करूनही खड्ड्याचा अडथळा दहा ओहम राहिला, तर हिशोब बघा. गाडीच्या सांगाड्याला फेज लागला तर २३० भागिले १०, म्हणजे तेवीस अँपिअर वाहतील. ३२ अँपिअरचा एमसीबी तेवीसला पडणारच नाही. सांगाडा जिवंत राहील आणि एमसीबी चालू राहील. म्हणून आरसीसीबी लागतोच, तीस मिलिअँपिअरच्या गळतीला तोडणारा. त्यातही दुकानात स्वस्तात मिळणारा टाइप एसी गाडीला चालत नाही. गाडीच्या आतल्या चार्जरमध्ये बिघाड झाला तर गळती डीसीची असू शकते. त्या डीसीने टाइप एसीचा गाभा असा भरून जातो, की नंतर साधी गळतीही त्याला जाणवत नाही. चार्जरच्या डब्यात सहा मिलिअँपिअर डीसी ओळखणारी सोय असेल तर मागे टाइप ए पुरतो. नसेल तर टाइप बी, आणि त्याची किंमत ऐकून लोक खुर्चीत सरसावून बसतात. मी त्यांना वर लिहिलेला हिशोब कागदावर करून दाखवतो. तो बघितल्यावर नाही म्हणालेलं घर मला आठवत नाही.

त्याच कर्वेनगरच्या इमारतीत नवा खड्डा घ्यायचा तर जागा सोसायटीची, म्हणजे परवानगी आली. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या सूचनांमध्ये लिहून ठेवलं आहे, की गाडीच्या मालकाला आपल्या घरच्या असलेल्याच वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. तो कागद गृहस्थांनी छापून आणला होता. पण कागद पुढे केला की समोरचा जास्तच ताठ होतो. मी त्यांना म्हटलं, "काका, मला सभेला येऊ द्या. मी दहा मिनिटं बोलतो."

सभेत तीन-चार जणांनी आगीचा मुद्दा काढला. ती भीती मला खोटी वाटत नाही. मीटर रूमला लागलेल्या आगी मी विझल्यानंतर आत जाऊन पाहिल्या आहेत. त्यामुळे मी कुणाला हसलो नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या एक ताई म्हणाल्या, "मुलं पार्किंगमध्ये खेळतात. कुणी ती बंदूक हातात घेतली आणि आत बोट घातलं तर?" हा प्रश्न फार चांगला होता. मी चार्जर टेबलावरच मांडून दाखवला. त्या गनमध्ये एक पायलट नावाची बारीक तार असते. गाडी लागलेली नसताना तिच्यावर बारा व्होल्ट असतात, आणि बाकीच्या मोठ्या पिनांवर काहीच नसतं. गन गाडीत बसली की ते बाराचे नऊ होतात. मग चार्जर त्या तारेवरून सांगतो की मी जास्तीत जास्त एवढे अँपिअर देऊ शकतो. गाडी तयार झाली की नऊचे सहा करते, आणि तेव्हा कुठे आतला कॉन्टॅक्टर खट् करून लागतो. गन उपटायला गेलं तर आधी करंट तुटतो. ताईंनी स्वतः उठून मोठ्या पिनांना माझा टेस्टर लावून बघितला. दिवा लागला नाही. त्यानंतर चर्चेचा सूरच बदलला.

मला त्या सभेत जे खरं सांगायचं होतं, ते वेगळं होतं. या एका चार्जरने इमारतीला धोका नाही, पण पुढे येणाऱ्या दहांचा विचार आज केला नाही तर आहे. इमारतीला येणारी मुख्य केबल सगळ्या घरांच्या भाराची बेरीज करून घातलेली नसते. सगळे जण सगळं एकाच वेळी लावत नाहीत, या अंदाजावर ती बेतलेली असते आणि तो अंदाज आजवर बरोबर ठरला. गाड्या मात्र सगळ्या संध्याकाळी सात-आठला घरी येतात आणि लगेच लागतात. दहा जणांनी सात सात किलोवॅट घेतले तर सत्तर झाले. शिवाय ज्याला जसं जमेल तसं जोडत गेलं, की सगळ्या गाड्या एकाच फेजवर येतात. बाकीचे दोन फेज मोकळे, आणि न्यूट्रलवर ताण. जुन्या पॅनलमधला न्यूट्रलचा जोड ढिला पडून सुटला, तर काही घरांत २३० च्या जागी चारशेच्या जवळपास दाब जाईल. फ्रिज, टीव्ही, जे लागलं असेल ते जळेल. गाडी एकाची आणि नुकसान चौथ्या मजल्यावरच्या आजींचं.

म्हणून मी नकाशा काढून दिला होता. मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत एकच रुंद केबल ट्रे, त्यात प्रत्येक घराची स्वतंत्र आर्मर्ड केबल पुढे घालता येईल एवढी जागा. तिन्ही फेजवर वाटणीची यादी आधीच ठरवलेली, फ्लॅट नंबरप्रमाणे. सगळ्यांसाठी सामाईक अर्थची पट्टी. आणि चारपेक्षा जास्त गाड्या झाल्या, की मुख्य केबलवर करंट मोजणारी सीटी बसवून भार वाटून देणारे चार्जर घ्यायचे, म्हणजे इमारतीचा वापर वाढला की गाड्या आपोआप कमी ओढतील. ट्रे आणि अर्थचा खर्च सोसायटीने करावा, केबल आणि चार्जर ज्याचा त्याने. यावर बरीच बोलाचाली झाली. ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनी पैसे का द्यावेत, हा आक्षेप मला मान्य आहे. मी एवढंच म्हटलं, की तुटलेली अर्थ पट्टी सगळ्यांच्याच घरची होती, वॉशिंग मशिनची आणि गिझरचीही. शेवटी अर्थिंग सोसायटीने केलं आणि ट्रे तीन गाडीवाल्यांनी मिळून घातला.

बिलाबद्दल नेहमी विचारतात, ते थोडक्यात सांगतो. स्वतःच्या घरी स्वतःची गाडी चार्ज केली तर महाराष्ट्रात दर घरगुतीच लागतो, पण आपल्याकडचे दर शंभर, तीनशे, पाचशे युनिट अशा पायऱ्यांचे आहेत. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे दीडशेच्या वर युनिट वाढतात आणि वरच्या पायरीचा दर लागू शकतो. पेट्रोलशी तुलना केली तरी परवडतं.

चार्जर किती उंचीवर बसवायचा, तेही सांगायला हवं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हापासून नदीकाठच्या पार्किंगमध्ये मी डबा छातीच्या उंचीवर बसवून थांबत नाही. आयसोलेटर आणि आरसीसीबी वर, पहिल्या मजल्याच्या जिन्यात किंवा पाण्याच्या जुन्या खुणेच्या वर घेतो. तळघरात बसवायचं असेल तर मी आधी पाण्याच्या पंपाची अवस्था बघतो.

काम पूर्ण झाल्यावर मी लगेच निघत नाही. गाडी लावून निदान तासभर पूर्ण भार चालू देतो, टोंग टेस्टरने करंट बघतो, मग मीटरपासून चार्जरपर्यंत प्रत्येक टर्मिनलवर तापमानाची गन फिरवतो. एखादं टर्मिनल शेजारच्यापेक्षा गरम लागलं, की उघडून पुन्हा आवळायचं. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांना हा तास कंटाळवाणा वाटतो. त्यांना मी सांगतो, की चार्जर भिंतीला लावणं कुणीही करेल, आपल्याला पैसे या तासाचे मिळतात. घरच्या माणसाला आरसीसीबीचं टेस्ट बटण दाखवतो, महिन्यातून एकदा दाबायला सांगतो, आणि त्यांच्याकडूनच ते एकदा दाबून घेतो.

अलीकडे मला गाड्यांपेक्षा स्कूटरची काळजी जास्त वाटते. गाडीवाल्यांना शोरूम, सोसायटी, माझ्यासारखा ठेकेदार असं काही ना काही पाठबळ असतं. पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत डिलिव्हरीचं काम करणारी किती मुलं इलेक्ट्रिक स्कूटरवर आहेत! स्कूटरचा चार्जर साधारण पाऊण किलोवॅटचा, तीन-चार अँपिअर ओढणारा. भार काहीच नाही. धोका आहे तो खिडकीतून खाली सोडलेल्या एक्स्टेंशन बोर्डाचा. दोन पदरी वायर, अर्थ नाही, आरसीसीबी नाही, बोर्ड गल्लीत फरशीवर आणि वर पावसासाठी प्लास्टिकची पिशवी. त्याच गल्लीत नळाचं पाणी सांडलेलं असतं आणि लहान मुलं फिरत असतात.

तिथल्या एका मुलाने विचारलं, "दादा, आमच्या दारात पॉइंट होईल का? मोठा चार्जर नको, नुसता पॉइंट." गेलो. जोडणी कायदेशीर होती, मीटर आईच्या नावावर होता. मीटरनंतर आरसीसीबी आणि दहा अँपिअरचा एमसीबी घातला, तीन पदरी वायर पाइपातून दाराबाहेर आणली, आणि झाकणाचं पाणीरोधक सॉकेट कमरेच्या वर लावलं. अर्थ मात्र कुठेच नव्हता. गल्लीत खड्डा घ्यायला जागा नव्हती. शेवटी घराच्या मागे नाल्याच्या भिंतीलगत तांब्याचं कवच असलेला रॉड ठोकला. तिथे खालची माती ओली होती, त्यामुळे आकडा चांगला आला. आईने विचारलं, "आता पावसात लावली तरी चालेल ना?" मी सॉकेटचं झाकण, आरसीसीबीचं बटण, सगळं त्यांना दाखवलं, आणि बॅटरी घरात आणून झोपायच्या खोलीत, दाराच्या वाटेवर लावायची नाही, हेही सांगितलं.

त्या गल्लीतून नंतर आणखी चार घरांनी विचारलं आहे. प्रत्येकाला वेगळा रॉड ठोकण्यापेक्षा नाल्याच्या भिंतीलगत दोन रॉड आणि त्यांवरून एक सामाईक पट्टी घेतली, तर खर्च बराच खाली येतो. पट्टीची लांबी मी मोजून आलो आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत ती घालायची आहे.